नवी रॅम टाकली आणि कॉम्प्युटर सुरूच होईना?

मागच्या उन्हाळ्यात मोमिनपुऱ्यात आमच्या घरी हे घडलं. 2012 साली असेंबल केलेला कॉम्प्युटर, चार जीबी रॅम. मुलीचा ऑनलाइन क्लास लागला की तो अडखळायचा. नवीन घेणं लगेच परवडणारं नव्हतं, म्हणून चार जीबीची आणखी एक पट्टी स्वस्तात मागवली. लावली, बटण दाबलं. फॅन फिरला, लाइट लागला, पण स्क्रीन काळीच. आतून थांबून थांबून लांब बीप. मुलगी रडवेली झाली, "अम्मी, जल गया क्या?" तिच्या स्कॉलरशिपच्या कागदांचे सगळे स्कॅन त्यातच होते. एका मेकॅनिकने तर फोनवरच सांगून टाकलं, मदरबोर्ड गेला, हार्डडिस्क फॉर्मॅट करावी लागेल.

दोन्ही गोष्टी चुकीच्या निघाल्या. फोटो, स्कॅन, फॉर्म हे सगळं हार्डडिस्कवर असतं, रॅमवर नाही. रॅममुळे स्क्रीन येत नसेल तर फॉर्मॅटने काहीच सुटत नाही, उलट होतं ते जातं. आणि बीप येतोय म्हणजे बोर्ड जिवंत आहे, रॅम सापडत नाही एवढंच तो ओरडून सांगतोय. (बऱ्याच असेंबल मशीनमध्ये बीपचा छोटा स्पीकरच नसतो, तिथे नुसती काळी स्क्रीन दिसते.)

आम्ही आधी प्लग काढला, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवलं, मग कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावला. नागपूरची मे महिन्यातली हवा इतकी कोरडी असते की अंगावरच्या स्टॅटिकचा झटका चिपला लागू शकतो. नवी पट्टी काढून फक्त जुनी ठेवली. कॉम्प्युटर लगेच सुरू झाला! अर्धी चिंता तिथेच मिटली.

जुन्या पट्टीवरही तुमचं मशीन सुरू झालं नाही तर घाबरू नका. हाताच्या धक्क्याने ती हललेली असते, किंवा बोर्डाची पॉवरची वायर सैल झालेली असते. पट्टी काढा, सोनेरी टोकं स्वच्छ कापडाने हलकी पुसा, कूलरची धूळ स्लॉटमध्ये बसली असेल तर ब्रशने काढा, आणि दोन्ही बाजूंचा खटका 'टक्' वाजेपर्यंत दाबा. नव्या माणसाला एवढा जोर लावायची भीती वाटते, म्हणून पट्टी अर्धीच बसते. तरीही नाही झालं तर प्लग काढलेला असताना बोर्डावरचा नाण्यासारखा सेल पाच मिनिटं काढून परत लावा. त्याने जुन्या सेटिंग पुसल्या जातात, घड्याळ मात्र पुन्हा लावावं लागतं. डीडीआर5 वाल्या नव्या मशीनला पहिल्यांदा सुरू व्हायला काही मिनिटंही लागतात, तिथे घाईने बटण दाबू नका.

मग आम्ही नवी पट्टी एकटीच त्याच स्लॉटमध्ये लावली. पुन्हा बीप. म्हणजे दोष तिच्यातच किंवा तिच्या जातीत. डीडीआर3 आणि डीडीआर4 ची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची पट्टी बसतच नाही. आमची बसली होती, डीडीआर3 च होती. फरक चिप्सचा निघाला. आमचा बोर्ड इंटेलच्या जी41 चिपसेटचा. त्याला चार जीबीची पट्टी लागते ती सोळा चिप्सची, दोन्ही बाजूंना आठ-आठ. नवीवर एकाच बाजूला आठ, म्हणजे प्रत्येक चिप दुप्पट क्षमतेची, आणि ती या जुन्या बोर्डाला वाचता येत नाही. असाच घोळ 'फक्त एएमडीसाठी' असलेल्या स्वस्त पट्ट्यांचा. इंटेलच्या मशीनमध्ये त्या चालत नाहीत आणि विकणारा नेहमी सांगतोच असं नाही.

म्हणून घेण्याआधी बोर्डाचं मॉडेल लिहून न्या, जुनी पट्टी सोबत न्या आणि शक्य असेल तर कॅबिनेटच घेऊन दुकानात जा. विंडोज 32 बिटचं असेल तर चार जीबीच्या वर रॅम टाकून उपयोग नाही, हेही आधी बघा. आम्ही पट्टी परत पाठवली आणि बर्डीवर जाऊन सोळा चिप्सची जुनी पट्टी शोधली. दुकानदाराने तिथेच लावून आठ जीबी दाखवले, मग पैसे दिले. स्कॅन मात्र त्याच रात्री पेनड्राइव्हवर घेतले.