बक्कलाच्या काट्याने लिहिलेली भिंत

ओसाड पडलेली मनोरुग्णालये हुडकत हिंडण्याचा छंद अलीकडे युरोपात बराच फोफावला आहे. फुटक्या तावदानांची, गंजलेल्या खाटांची आणि वेलींनी वेढलेल्या जिन्यांची छायाचित्रे घेऊन मंडळी परततात आणि पुढे त्या चित्रांना भुताखेतांच्या कथा चिकटतात. संपादकांनी मला इटलीतील वोल्तेर्रा या गावी धाडले ते अशाच एखाद्या चित्तथरारक वृत्तान्ताच्या अपेक्षेने. परंतु तेथे पोचल्यावर माझे सारे लक्ष एका गिलाव्याच्या भिंतीने वेधून घेतले, आणि हा लेख मुख्यतः त्या भिंतीविषयीच आहे.

तस्कनी प्रांतातले हे गाव टेकडीच्या माथ्यावर वसले आहे. रोमनांच्याही आधी तेथे नांदणाऱ्या एत्रुस्कन लोकांनी रचलेल्या तटाचे आणि वेशीचे चिरे अद्याप जागेवर आहेत, अलाबास्टर या दुधी दगडाच्या वस्तू कातणारे कारागीर अद्याप काम करीत आहेत, आणि मेदिची घराण्याच्या अमदानीत बांधलेल्या किल्ल्यात आजही तुरुंग आहे. गावाबाहेर सान जिरोलामो मठाच्या जुन्या वास्तूत, दरिद्री लोकांच्या आश्रमाला जोडून, १८८८ साली वेड्यांचे इस्पितळ सुरू झाले. १९०० साली लुइजी स्काबिया हा वैद्य त्याचा संचालक म्हणून रुजू झाला आणि १९३४ पर्यंत तेथे त्याचाच अंमल चालला. रुग्णाला जखडून ठेवण्याऐवजी त्याच्या हाताला काम द्यावे, या मताचा तो कट्टर पुरस्कर्ता होता. त्याच्या कारकिर्दीत रुग्णांनी शेती केली, पाव भाजले, धोबीखाना आणि सुतारखाना चालविला, आणि शार्को, लोम्ब्रोझो, फेर्री अशा पंडितांची नावे धारण करणाऱ्या इमारतींचे एक स्वयंपूर्ण गावच टेकडीच्या उतारावर उभे राहिले. आपल्या देहाला रुग्णांच्याच दफनभूमीत जागा मिळावी अशी त्याची इच्छा होती, आणि ती पाळली गेली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस येथील रुग्णसंख्या चार हजारांच्या वर गेली होती. तस्कनीतल्या एका लहानशा गावाने एवढा जनसमुदाय कुंपणाआड पोसावा, ही गोष्ट संचालकाच्या सदिच्छेविषयी जितके सांगते त्याहून अधिक तत्कालीन कायद्याविषयी सांगते.

तो कायदा १९०४ सालचा. स्वतःला वा इतरांना धोकादायक ठरणारा, किंवा ज्याच्यामुळे चारचौघांत लाजिरवाणा प्रसंग ओढवतो असा मनोरुग्ण सक्तीने डांबून ठेवण्याची मुभा त्याने दिली होती, आणि अशा माणसाची नोंद गुन्हेगारांच्या दप्तरात होत असे. एकदा आत गेलेल्याचा बाहेरच्या जगाशी संबंध किती उरे याचा पुरावा इस्पितळाच्या दप्तरातच सापडला: रुग्णांनी घरी लिहिलेली पत्रे टपालात पडलीच नव्हती, ती ज्याच्या त्याच्या कागदांना जोडून ठेवलेली होती. यांतली निवडक पत्रे १९७८ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. आई, बायको, भाऊ उत्तर का देत नाहीत म्हणून वर्षानुवर्षे झुरणाऱ्या माणसाची तक्रार त्याच्याच कारभाऱ्यांच्या कपाटात पडून होती, हे वाचताना मला जो संताप आला तो अजून शमलेला नाही.

फेर्री ही इमारत न्यायालयाच्या हुकुमाने आलेल्यांची. तेथे १९५८ साली फेर्नांदो ओरेस्ते नान्नेत्ती याला रोमहून आणण्यात आले. १९२७ साली जन्मलेल्या या मुलाच्या बापाचा पत्ता नव्हता. सातव्या वर्षी तो धर्मादाय आश्रमात गेला, पुढे मंदबुद्धी ठरविलेल्या मुलांच्या संस्थेत, पुढे मणक्याच्या दुखण्यापायी रुग्णालयात. सरकारी अंमलदाराचा अपमान केल्याचा आरोप त्याच्यावर आला, आणि न्यायालयाने मनोविकाराच्या कारणास्तव त्याला दोषमुक्त केले. पण दोषमुक्त झालेला हा माणूस पुढली वर्षे एका इस्पितळातून दुसऱ्यात असाच फिरत राहिला. वोल्तेर्रात तो फारसा कोणाशी बोलत नसे. रुग्णांच्या गणवेशात एक बंडी असे, तिला मागे धातूचे बक्कल असे, आणि त्या बक्कलाचा काटा हीच त्याची लेखणी झाली. मोकळ्या हवेसाठी आवारात सोडीत तेवढ्या वेळात तो भिंतीपाशी उभा राहून कोरीत असे. १९५९ पासून १९६१ पर्यंत आणि पुन्हा १९६८ पासून १९७३ पर्यंत हे काम चालले. भिंत १८० मीटर लांब, लिखाणाची उंची सुमारे दोन मीटर. शिवाय जिन्याच्या काँक्रीटच्या कठड्यावरही शंभर मीटरांहून लांब अशी एक ओळ आहे.

या कामाची पद्धत मला विशेष वाटली. आधी तो गिलाव्यावर पानाची चौकट आखून घेई, आणि मगच ती भरू लागे. म्हणजे समोरच्या भिंतीला तो आरंभापासून ग्रंथच समजत होता. कठीण गिलाव्यावर अणकुचीदार टोकाने वळणदार अक्षर काढणे दुष्कर, म्हणून त्याची अक्षरे सरळ रेघांची, कोनांची झाली आहेत, आणि गावातल्या एत्रुस्कन शिलालेखांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. मजकुरात अग्निबाण आहेत, ग्रह आहेत, शस्त्रास्त्रे आहेत, विद्युल्लहरी आहेत, कल्पित नातलगांची वर्णने आहेत; स्वतःला तो नक्षत्रलोकीचा कर्नल म्हणवी, आणि आपल्याला हे संदेश दूरसंवेदनेने मिळतात असे सांगे. सही मात्र बहुधा नावांच्या आद्याक्षरांपुढे चारचा आकडा घातलेली.

चौकटींच्या रांगा डोळ्यांनी वाचत गेले की मध्येच ओळी वळतात. मला आवार दाखविणाऱ्या बाईंनी हात वर धरून दाखविले: येथे एक डोके, येथे दुसरे. भिंतीलगतच्या बाकांवर काही रुग्ण तासन्‌तास निश्चल बसून असत, आणि नान्नेत्तीने त्यांना एकदाही उठविले नाही. त्यांच्या डोक्याभोवतीने, खांद्याभोवतीने त्याने ओळ नेली, आणि ते जेवढी जागा अडवीत तेवढी कोरी सोडली. ती माणसे गेली, त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत, पण ती किती उंचीची होती आणि भिंतीला कशी टेकून बसत हे गिलाव्याने राखून ठेवले आहे. ज्या इस्पितळाने हजारोंची मोजदाद ठेवली, त्याच्या एकाही खतावणीत बसलेल्या माणसाच्या बसण्याची अशी कदर केलेली मला दिसली नाही.

हे सारे आज कळते याचे श्रेय आल्दो त्राफेली या परिचारकाचे. इतरांना जे ओरखडे वाटत, त्यांपाशी तो थांबला, नान्नेत्तीशी बोलत राहिला आणि लिपी लावून घेत गेला. त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणापाशी या लेखकाने आपला मजकूर उलगडला नाही. पुढे मीनो त्राफेली या शिल्पकाराने आणि पिएर नेल्लो मानोनी या छायाचित्रकाराने मिळून भिंतीची चित्रे व साचे घेतले, आणि १९८५ साली त्यांचे पुस्तक निघाले. नान्नेत्ती १९९४ साली वोल्तेर्रातच वारला. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील कलासंग्रहालयाने २०११ साली त्याचे प्रदर्शन मांडले, तेव्हा जगाच्या कलाक्षेत्राला त्याचे नाव ठाऊक झाले.

१३ मे १९७८ रोजी मनोविकारतज्ज्ञ फ्रांको बाझालिया यांच्या चळवळीतून १८० क्रमांकाचा कायदा झाला आणि इटलीतील ही इस्पितळे मिटू लागली. तो निर्णय योग्य होता याविषयी मला शंका नाही. पण माणसांना मोकळे करणाऱ्या कायद्याने इमारतींचे काय करावे हे सांगितले नाही. आवाराच्या एका भागात आज गावाचे नेहमीचे रुग्णालय चालते. फेर्रीचे छत मात्र खचले, पन्हळी तुंबल्या, आयव्हीची मुळे गिलाव्यात शिरली. टेकडीवर थंडी कडक पडते. भिंतीत मुरलेले पाणी गोठते, फुगते, आणि गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. शिवाय असल्या जागी चोरवाटेने शिरणाऱ्यांना आपलेही नाव तेथे खरडण्याचा मोह होतो.

उपाय नाही असे नाही, पण प्रत्येक उपायाला अट आहे. भित्तिचित्र असते तर केवळ रंगाचा थर कापडावर चिकटवून सोलून घेता आला असता. येथे अक्षर खोल कोरलेले आहे, म्हणून गिलाव्याची पुरी जाडी उतरवावी लागते. भुसभुशीत गिलाव्यात आधी चुन्याचे पाणी भरून त्याला बळ द्यावयाचे, मग तोंडावर कापड चिकटवावयाचे, आणि पाठीमागून लांब पात्यांनी तो भिंतीपासून सोडवावयाचा. काही तुकडे असे सोडवून जतन केले आहेत, आणि ते करणाऱ्यांविषयी मला कृतज्ञता वाटते. परंतु तुकडा निवडताना जेथे मजकूर दाट तेथेच हात जाणार हे उघड आहे. मजकूर मानोनीच्या छायाचित्रांतून पुष्कळसा वाचता येईल. कोरी जागा मात्र बाकापासून वेगळी करून संग्रहालयात टांगली की तिचा अर्थच जातो. म्हणून, माझ्या मते, उतरविण्याच्या खटाटोपाआधी भिंतीच्या लांबीइतके साधे छप्पर घालावे, पायथ्याचे पाणी वळवून काढावे, वेल मुळासकट उपटण्याऐवजी कापून जागीच वाळू द्यावी, आणि बाक जेथे होते तेथेच राहू द्यावेत. १८० मीटर छपराला येणारा खर्च एखाद्या संग्रहालयाच्या नव्या दालनाहून जास्त होणार नाही, आणि तो पुढल्या हिवाळ्याच्या आत व्हावयास हवा.