डबा कामाचा, कड धोक्याची

तेलाचा १५ किलोचा डबा रिकामा झाला, की तो भंगारात द्यायचे जिवावर येते. वरचा पत्रा कापला, की तुळस लावायला किंवा कोळसे ठेवायला तो छान उपयोगी पडतो. मात्र कापलेली कड तशीच राहिली, तर डब्यात हात घालणाऱ्या लहानग्याचे बोट चिरायला क्षणही पुरतो.

पत्रा कापताना कडेला करवतीसारखी बारीक, खरखरीत धार उरते. कारागीर तिला ‘बर’ म्हणतात. ती काढायला एक चपटी कानस पुरे. हातात जाड मोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. कानस तिरकी धरून पुढे ढकलताना दाब द्या, मागे आणताना उचला. कड आतून व बाहेरून घासा, मग पॉलिश पेपर फिरवा.

धार गेली का, हे बोटाने कधीही पाहू नका. कापसाचा बोळा कडेवरून फिरवा. तंतू अडकले, तर काम अजून बाकी आहे.

सर्वांत सुरक्षित उपाय म्हणजे कड दुमडणे. कापतानाच एक सेंटिमीटर पत्रा जास्त ठेवा. धार घासून झाली, की चारही कोपऱ्यांवर चीर द्या, पक्कडीने पत्रा आत वळवा आणि लाकडी ठोकळ्यावर हलकेच ठोका. हे जमत नसेल, तर जुना रबरी पाइप उभा चिरून कडेवर घट्ट बसवा.

पाण्याच्या पिंपाला तोटीसाठी भोक पाडले असेल, तर तेही गोल कानशीने आतून-बाहेरून घासा. नाहीतर वॉशर कापला जातो आणि तोटी गळत राहते.

खाली पडलेला कीस हाताने गोळा करू नका. लोहचुंबक कागदात गुंडाळून फिरवा. घासलेल्या कडेवरचा कथिलाचा थर निघून जातो व ती गंजते. म्हणून कुंडीच्या डब्याला रंगाचा हात द्या.

एवढे करूनही कापलेच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, स्वच्छ कापड दाबून धरा. धनुर्वात गंजामुळे होतो, असा समज आहे. प्रत्यक्षात त्याचे जंतू माती, धूळ आणि शेणात असतात. म्हणून कुंडीच्या डब्याने झालेली जखम क्षुल्लक समजू नका. जखम मळलेली असेल आणि धनुर्वाताची लस घेऊन ५ वर्षांहून अधिक काळ झाला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. शेवटची लस कधी घेतली, हे घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढे आजच वहीत लिहून ठेवा.