अंगावर उड्या मारणारा मोती

काल शेजारच्या काकू त्यांच्या कुत्र्याबद्दल म्हणाल्या, "आमचा मोती पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारतो रे, काय करू?"

त्यांच्या दारातच उत्तर दिसलं. काकू ओरडतात, काका कुरवाळतात, नातू हसत पोळीचा तुकडा देतो. मोतीनं काय समजायचं? दहातून एकदा उडी फळली, तरी तो अकराव्यांदा मारणारच.

मग करायचं काय? उडी मारली की सगळ्यांनीच पाठ फिरवायची, चकार शब्द नाही. चारही पाय जमिनीला टेकले की लगेच खाऊ. उशीर झाला, तर बक्षीस कशाचं तेच त्याला कळत नाही. सुरुवातीला उड्या उलट वाढतात आणि नेमके तेव्हाच घरचे कच खातात.

दिवसातून दोनदा पाच मिनिटं पुरे. आमच्या कुत्रीला, राणीला, तीन आठवडे लागले. (आईला शिकवायला त्याहून जास्त!)

तुमच्याकडे काय उद्योग चालतात? विचारा बिनधास्त.