वेलस्लीचं गाव कोणतं?



फौजेत मला एक प्रश्न हमखास यायचा. "साहब, ये 'कर' क्या होता है?" मी सांगायचो, 'कर' म्हणजे त्या गावचा. लगेच पुढचा प्रश्न : "तो गाँव कैसा है?" इथे मी गप्प व्हायचो. माझ्या आडनावाचं गाव मी पाहिलंच नव्हतं.

इंग्रजांतही अशी गावावरून पडलेली आडनावं पुष्कळ आहेत. आज त्यातलं आपल्या ओळखीचं एक घेऊ. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणात शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी लढला, तो आर्थर वेलस्ली.

इंग्लंडच्या नैऋत्येला सॉमरसेट परगण्यात वेल्स नावाचं गाव आहे. तिथल्या झऱ्यांवरून ते नाव पडलं. जुन्या इंग्रजीत 'लेआ' म्हणजे रानातली मोकळी जागा. त्याचंच पुढे 'ली' झालं. वेलस्ली म्हणजे वेल्सलगतचं असं मोकळं रान. तिथलं घराणं मध्ययुगात आयर्लंडला गेलं, आणि गावाचं नाव सोबत घेऊन गेलं.

आता खरी गंमत. आर्थरचे आजोबा जन्माने वेलस्ली नव्हतेच, ते कॉली. १७२८ साली नात्यातल्या एका निपुत्रिक जमीनदाराची मालमत्ता त्यांना मिळाली, तेव्हा त्यांनी त्याचं आडनावही घेतलं. ते होतं वेस्ली, म्हणजे वेलस्लीचंच आखूड रूप. आर्थर १७६९ मध्ये जन्मला तो वेस्ली म्हणून. थोरल्या भावामागोमाग १७९८ मध्ये तोही वेलस्ली लिहू लागला.

१८०९ मध्ये त्याला सरदारकी मिळाली, तेव्हा तो स्पेनच्या मोहिमेवर होता. किताबासाठी गावाचं नाव दुसऱ्या भावाने शोधलं : सॉमरसेटमधलंच वेलिंग्टन. कारण काय, तर ते आडनावाशी जुळतं! आपल्या निलगिरीतल्या वेलिंग्टनला नाव पडलं ते याच किताबावरून. तिथेच मद्रास रेजिमेंटचं केंद्र आहे, आणि त्या रेजिमेंटच्या चिन्हावरचा हत्ती असईच्या लढाईतून आलेला.

म्हणून आडनावावरून कुणाचं रक्त ठरवायला जाऊ नका. मुलाबाळांची लग्नं ठरवताना तर मुळीच नको. गावाचं आडनाव एवढंच सांगतं, की कुणीतरी कधीतरी तिथून निघालं, किंवा तिथल्या कुणाचा वारस झालं.

निवृत्तीनंतर मी एकदाचा माझ्या आडनावाच्या गावी गेलो. पारावरच्या एका आजोबांना नाव सांगितलं. ते म्हणाले, "ह्या नावाचं घर इथं एकबी न्हाई." आधी वाईट वाटलं. मग लक्षात आलं, गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण हाक मारणार? ते नाव बाहेर पडलेल्यालाच चिकटतं.

तुमचं घराणं इंदूर, बडोदा, तंजावर, कुठेही स्थिरावलेलं असो. घरात वडीलधारी माणसं आहेत तोवर विचारून ठेवा : आपण कुठून निघालो, आणि का?

जय हिंद.