रीडिंगच्या काचघरातला कोको

लंडनच्या पश्चिमेचं रीडिंग एके काळी हंटली अँड पामर्सच्या बिस्किटांसाठी जगभर ओळखलं जाई. कोकोच्या बागायतदाराला मात्र या गावाचं महत्त्व वेगळ्याच कारणाने आहे. रीडिंग विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय कोको विलगीकरण केंद्र इथे 1985 पासून चालतं. काचघरात कोकोचे सुमारे 400 वाण जपलेले आहेत आणि कलमासाठी त्यांच्या निरोगी डोळकाड्या देशोदेशी जातात.

कोको उष्ण कटिबंधातला, मग त्याचं केंद्र इंग्लंडात कशाला? तिथल्या थंडीसाठीच. उघड्यावर तिथे कोको जगत नाही, त्यामुळे काचघरातून एखादा रोग निसटला तरी बाहेर त्याला आसरा द्यायला झाडच नाही. आलेली डोळकाडी आधी डोळा भरून रोपावर वाढवतात आणि मग दोन वर्षं तिच्यावर नजर ठेवतात. काही विषाणू झाडात दीर्घकाळ लपून राहतात, म्हणून एवढा धीर धरावा लागतो.

अशा रोगाची किंमत घानाने मोजली आहे. फांद्या सुजवणारा विषाणू तिथे 1936 मध्ये लक्षात आला. पिठ्या ढेकूण तो पसरवतो आणि रोगी झाडावर इलाज नाही, ते तोडावंच लागतं. आजवर तिथे 20 कोटींहून अधिक झाडं तोडली गेली. ब्राझीलच्या बाहियात 1989 मध्ये बुरशीचा रोग शिरला आणि दहा-बारा वर्षांत उत्पादन साधारण पाव हिश्श्यावर आलं. कॉफीची कथाही अशीच. 1869 मध्ये सिलोनात तांबेरा दिसला, पुढे तिथले मळे उजाड झाले आणि त्या जागी चहा आला. जगातला बहुतेक कोको काही एकरांच्या घरच्या शेतीत पिकतो. झाड गेलं की अशा कुटुंबाची वर्षानुवर्षांची कमाई जाते. शाश्वत शेतीची चर्चा खतापासून सुरू होते. माझ्या मते ती निरोगी रोपापासून सुरू व्हायला हवी.

रीडिंगहून आलेले वाण भारतातही पोचले आहेत. कर्नाटकातल्या विट्टल इथे केंद्रीय लागवड पिके संशोधन संस्थेने सुपारीच्या सावलीतल्या कोकोवर दीर्घकाळ काम केलं आहे. रत्नागिरीजवळच्या भाट्ये केंद्राची ‘लाखी बाग’ आपल्याकडे परिचित आहे. नारळाखाली काळी मिरी, जायफळ, दालचिनी घेण्याची ही पद्धत ज्याने पाहिली आहे, त्याला कोकोची गरज चटकन समजेल, कारण त्यालाही अर्धी सावली आणि ओल लागते. कोकोचं परागीभवन बारीक चिलटं करतात आणि ती कुजत्या पालापाचोळ्यात, केळीच्या सडक्या बुंध्यांत वाढतात. आळ्यातला पाचोळा झाडून जाळणारा बागायतदार आपल्या हाताने फळधारणा घटवतो. वाडी लख्ख दिसलीच पाहिजे ही आपली जुनी सवय इथे सोडावी लागेल. पावसाळ्यात मात्र काळी पडलेली फळं ताबडतोब काढून नष्ट करावीत, नाहीतर रोग झाडभर पसरतो.

कोकणात कोको लावू पाहणाऱ्यांना आणि परदेशातल्या आपल्या माणसांना एक कळकळीची विनंती. रोपं कृषी विद्यापीठाच्या किंवा संशोधन संस्थेच्या रोपवाटिकेतूनच घ्या. सुट्टीवर येताना बॅगेत कोणतीही फांदी, बी किंवा रोप परवान्याशिवाय आणू नका.