मागायचे काय आणि कोणाकडे?

मराठी माणूस इंग्रजीत विनंती करतो तेव्हा त्याची नम्रता कमी पडत नाही. तो अडखळतो 'टु', 'फॉर', 'ऑफ' या चिमुकल्या शब्दांपाशी. 'आय रिक्वेस्ट टु यू', 'आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह' अशी वाक्ये आपल्याकडच्या अर्जांत सर्रास आढळतात. त्यांवर लाल रेघ मारणे सोपे असते. ती येतात कुठून, हे शोधणे मला अधिक मोलाचे वाटते.

मराठीत 'विनंती' हे नाम आहे. त्याला 'करणे' जोडले की क्रिया घडते, आणि ज्याला विनवायचे त्याला 'ला' किंवा 'स' लागतो: 'आपणांस रजेसाठी विनंती करतो.' इंग्रजीत 'रिक्वेस्ट' हा एकच शब्द नामही आहे आणि क्रियापदही. नामाला थेट कर्म घेता येत नाही, म्हणून त्याला अव्ययांचा आधार लागतो: 'माय रिक्वेस्ट टु यू फॉर लीव्ह'. हे बिनचूक आहे. क्रियापदाला मात्र आधार नको: 'आय रिक्वेस्ट लीव्ह', किंवा 'आय रिक्वेस्ट यू टु ग्रँट मी लीव्ह'. या दुसऱ्या वाक्यातला 'टु' माणसाचा नाही, तो पुढच्या 'ग्रँट'चा आहे. आपण नामाची अव्यये क्रियापदाला चिकटवतो, एवढाच हा घोटाळा. 'डिस्कस अबाउट'चा जन्मही 'विषयी चर्चा करणे' यातूनच झाला आहे.

'आस्क'चे दुखणे वेगळे. आपल्याकडे विचारणे आणि मागणे ही दोन क्रियापदे आहेत. इंग्रजीत बहुतेक वेळा ती वाटणी अव्यय करते. 'आस्क हिम अ क्वेश्चन' म्हणजे विचारणे, 'आस्क हिम फॉर मनी' म्हणजे मागणे. आणि 'आस्क आफ्टर हिम' म्हणजे त्याची विचारपूस करणे. आजारी स्नेह्याच्या घरी 'आफ्टर'ऐवजी 'फॉर' वापरले, तर आपण त्याला भेटायला बोलावतो आहोत असा अर्थ होतो.

'मे आय आस्क अ फेव्हर ऑफ यू?' यातला 'ऑफ' आपल्याला षष्ठीचा वाटतो, 'चा-ची-चे'सारखा. तो खरे तर पंचमीचा आहे. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ 'पासून, दूर' असा होता. दूर होणे दाखवणारा आजचा 'ऑफ' आणि हा 'ऑफ' मुळात एकच; लेखनातली त्यांची फारकत नंतरची. म्हणजे उपकार 'तुमच्यापासून' मागितला जातो.

इथे संस्कृत वैयाकरण आठवतात. भट्टोजी दीक्षितांच्या 'सिद्धान्तकौमुदी'त याचनेचे उदाहरण आहे ते बळीकडे पृथ्वी मागण्याचे. त्यात बळी आणि पृथ्वी, दोघांनाही द्वितीया! पाणिनीच्या सूत्राचा (1.4.51) आशय असा, की ज्याच्याकडून मागायचे त्याला पंचमी मिळू शकली असती, पण बोलणाऱ्याला तसे सांगायचे नसेल, तर तोही कर्मच होतो. पाडव्याला ज्याचे स्मरण करतो त्या बळीला आपण मराठीत 'कडे' लावतो. मराठी मागणारा दात्याच्या दिशेने जातो, इंग्रजी मागणारा वस्तू त्याच्यापासून आणतो, आणि संस्कृत दोघांना एका पंक्तीत बसवते. 'टु' आणि 'ऑफ' यांत आपली गल्लत का होते, हे यातून उमगते.

आणखी एक जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. 'इज ट्यूझडे ऑल राइट फॉर यू?' हा सोयीचा प्रश्न आहे, मंगळवार जमेल का? 'ऑल राइट विथ यू?' हा संमतीचा, तुमची हरकत नाही ना? वडीलधाऱ्यांना भेटीची वेळ विचारताना पहिला पुरतो. त्यांच्या घरी आणखी एकाला सोबत न्यायचे असेल, तर दुसराच हवा.

व्याकरण जुळले तरी सूर वेगळा उरतो. 'यू आर रिक्वेस्टेड टु' हे शुद्ध आहे, पण त्यात सूचनाफलकाचा कोरडेपणा आहे. मराठीत 'आपण' आणि आदरार्थी बहुवचन हा भार उचलतात. इंग्रजीत 'दाऊ' व्यवहारातून गेल्यावर सगळ्यांना एकच 'यू' उरला, त्यामुळे तिथे आदर दाखवायला 'कुड' आणि 'वुड' लागतात. अर्ज लिहिणाऱ्या मुलांना मी दोनच प्रश्न विचारायला सांगतो: माझा शब्द नाम आहे की क्रियापद? आणि मी वस्तूबद्दल बोलतो आहे की माणसाबद्दल? उत्तरे मिळाली की योग्य अव्यय बहुधा आपोआप सापडते. ज्याची शिष्यवृत्ती एका पानाच्या अर्जावर अवलंबून आहे, त्याला हे कोणीतरी मराठीतून समजावून द्यायला हवे.