बडोद्यात घर कोठे पाहावे?

दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो, आणि तो बालरोगशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात नाही. पुणे, नाशिक, जळगाव अशा ठिकाणांहून नोकरीनिमित्त बडोद्यास आलेले एखादे तरुण जोडपे बाळाला लस टोचून झाल्यावर उठता उठता विचारते, "मॅडम, तुम्ही इथल्याच. घर कोणत्या भागात पाहावे?" पूर्वी मी या प्रश्नाचे उत्तर चटकन देत असे. 2024 च्या ऑगस्टनंतर तसे देत नाही.

त्या वर्षी लातूरकडील एक डॉक्टर दांपत्य येथील एका रुग्णालयात रुजू झाले. पदरी चार महिन्यांचे बाळ, आणि बाळाला सांभाळण्यासाठी गुडघेदुखीने बेजार झालेल्या आजी येणार होत्या. मी लगेच एक सोसायटी सुचवली. रुग्णालय पाच मिनिटांवर, तळमजला, पुढे छोटेसे अंगण. आजींना जिने चढायला नकोत, हा माझा विचार. विश्वामित्री तेथून काहीशे पावलांवर आहे, हे मला ठाऊक होते. पण ते माझ्या ध्यानी आले नाही. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मुसळधार पाऊस झाला, आजवा सरोवराचे पाणी नदीत आले आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. सोसायट्यांच्या आवारात मगरी आल्याची छायाचित्रे देशभर पाहिली गेली. या कुटुंबाने दोन रात्री दुसऱ्या मजल्यावरील शेजाऱ्यांकडे काढल्या, वीज नसताना. बाळ अंगावर पीत होते, हे केवढे भाग्य! पाणी ओसरल्यावर त्या मुलीचा फोन आला. "मॅडम, बाळ अगदी ठीक आहे. तळमजला मात्र तुम्हीच सांगितला होता हं." ती हसत होती. मला हसता आले नाही.

माझा जन्म दांडिया बाजारातला. 2005 चा पूर मी पाहिला आहे. 31 जुलै 2019 रोजी एका दिवसात सुमारे 20 इंच पाऊस पडला, तेव्हा मी दवाखान्यातच अडकून पडले होते. तरीही घर सुचवताना मी नदीचा विचार केला नाही. त्यानंतर मात्र या प्रश्नाकडे मी रुग्णाचा इतिहास घ्यावा तशा रीतीने पाहू लागले.

पूर्वी नोकरीसाठी येथे येणाऱ्यास ही चिंता फारशी नसे. खत कारखाना, कोयलीची रिफायनरी यांच्या वसाहती होत्या. हुकूम आला की क्वार्टर मिळे, शाळाही आवारातच. आज बहुतेकांना घर स्वतःच शोधावे लागते आणि ते शोधतात मोबाईलवर. तेथे खोल्यांचा आकार दिसतो, अंतर दिसत नाही. बडोद्याची रचना थोडक्यात अशी आहे: पूर्वेस मांडवी, रावपुरा, दांडिया बाजार हे जुने गाव, मग विश्वामित्री, तिच्या पलीकडे सयाजीगंज, फतेगंज आणि रेल्वेचे रूळ, रुळांच्या पश्चिमेस अलकापुरी, अकोटा, गोत्री आणि त्याहीपुढे वासणा-भायली. सावली आणि हालोलचे कारखाने उत्तरेस व ईशान्येस, नंदेसरी व कोयली वायव्येस, मकरपुरा दक्षिणेस. म्हणजे भायलीत घर आणि सावलीत नोकरी असेल, तर रोज अवघे शहर ओलांडणे आले.

याची किंमत कोण मोजते, ते माझ्या टेबलापलीकडच्या खुर्चीवरून दिसते. सात वर्षांचा एक मुलगा सतत पोट दुखते म्हणून आणला होता. सोनोग्राफी झाली होती, जंतांचे औषध दोनदा देऊन झाले होते. मी त्याचा दिवस विचारला. शाळेची बस सकाळी सव्वासहाला, म्हणून साडेपाचला उठायचे. वडील सावलीहून नऊच्या सुमारास घरी येतात. त्यांना भेटल्याखेरीज पोरगा झोपत नाही. अंथरुणाला पाठ टेकायला साडेदहा. एकूण झोप सात तास. या वयाला किमान नऊ तास झोप हवी. मी औषध लिहिले नाही. सहा महिन्यांनी ते कुटुंब हरणीकडे लहान घरात राहायला गेले. एक खोली कमी झाली. आई अजूनही त्याबद्दल कुरकुरते. मुलगा गोवराच्या राहिलेल्या डोससाठी आला तेव्हा पोटाची आठवण मीच काढली, तेव्हा कोठे त्या माऊलीच्या लक्षात आले की हल्ली तक्रार नसते.

नव्या उपनगरांविषयी माझा आकस नाही. तेथे उजेड आहे, खेळायला जागा आहे. परंतु निम्मे भूखंड बांधकामाखाली असतात. दम्याच्या मुलाला ती धूळ सोसत नाही, आणि बांधकामावर साठवलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास सुखाने वाढतो. सेवासी, भायली, बिल ही गावे 2020 मध्ये महानगरपालिकेच्या हद्दीत आली खरी. तथापि सोसायटीत पाणी पालिकेचे येते, बोअरचे की टँकरचे, हे दलालाला न विचारता तेथे राहणाऱ्या गृहिणीला विचारावे. शहराच्या पूर्व भागास प्रामुख्याने आजव्याचे आणि पश्चिमेस महीचे पाणी मिळते, एवढे ठाऊक असले तरी प्रश्न नेमका विचारता येतो.

आणखी एक गोष्ट नकाशावर दिसत नाही. जोराचा पाऊस झाला की अलकापुरीच्या गरनाळ्यात पाणी भरते आणि तो रस्ता बंद होतो. ज्यांच्या बाळाला तापात झटके येण्याचा इतिहास आहे, त्यांना मी पावसाळ्यात जाण्याचा दुसरा रस्ता आधीच पाहून ठेवायला सांगते. झटका बहुधा पाच मिनिटांत थांबतो. थांबला नाही तर मात्र कोणत्या पुलावरून जायचे, हा विचार करायला तेव्हा वेळ नसतो.

आता थोडे आजींविषयी. आई-वडील दोघेही नोकरी करणारी असली की बाळाची भिस्त आजीवर असते. आजी नवव्या मजल्यावर दिवसभर एकटी बसली, खाली उतरल्यावर भाषा परकी, तर तीन महिन्यांत तिला गावाकडची आठवण येऊ लागते. ती परतली की बाळ पाळणाघरात, आणि मग महिन्यातून दोनदा माझ्याकडे! दांडिया बाजारात भाजीवालाही मराठीत भाव सांगतो, संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर चार जणी भेटतात. अर्थात जुन्या गावात गाडी लावायला जागा नाही, रिक्षांचा धूर थेट माजघरात येतो आणि गणपती-नवरात्रात तान्ह्या बाळाची झोप पार उडते. आमचे स्वतःचे कुटुंब 1998 मध्ये तेथून अकोट्याला आले, ते माझ्या थोरलीच्या खोकल्यामुळे. आईने मात्र शेवटपर्यंत रिक्षा करून पूल ओलांडला आणि भाजी खंडेराव मार्केटमधूनच आणली.

मुलांच्या भाषेची चिंता पालक उगाच करतात. 2023 च्या कायद्याने गुजरातेतील शाळांत पहिली ते आठवी गुजराती सक्तीची आहे. तरी मूल ती वर्गाआधी जिन्यात आणि मैदानात शिकते. म्हणून सोसायटीत त्याच्या वयाची मुले आहेत का, हे संध्याकाळी सहाला जाऊन पाहावे. रविवारी दुपारी घर पाहायला गेल्यास ते कळत नाही.

लातूरच्या त्या दांपत्याने दिवाळीनंतर घर बदलले. या वेळी मला विचारले नाही. घर ठरल्यावर फक्त कळवले. नव्या गल्लीच्या तोंडाशी एका इस्त्रीवाल्याची टपरी आहे. घर पाहण्याआधी ती त्याच्याकडे गेली आणि विचारले, "भैया, पाणी कुठवर आले होते?" त्याने कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाकडे बोट केले. खांब त्या घरापासून दीडशे पावलांवर होता. तिने ती पावले स्वतः मोजली, उद्वाहक चालू आहे ना ते पाहिले आणि आजींना दुसऱ्या मजल्यावर घेऊन गेली.